टाचणीभोवती त्रिकोण

काल संध्याकाळी भाची वही घेऊन आली. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू (५, ३) हा (२, १) भोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९०° फिरवायचा होता. तिने (क्ष, य) चे (-य, क्ष) हे सूत्र थेट लावलं आणि (-३, ५) लिहिलं.

“आत्या, हे चुकलं काहून?”

सूत्र बरोबरच आहे, पण ते आरंभबिंदूभोवती, म्हणजे (०, ०) भोवती फिरवण्याचं. मी विचारलं, आपल्या नागपूरचं झिरो माइल, म्हणजे अंतर मोजायचा शून्याचा दगड, उचलून धरमपेठेत ठेवला तर सीताबर्डीचं अंतर तेच राहील का? ती लगेच म्हणाली, “नाई.” मग (२, १) लाच शून्य मानलं. वजाबाकी करून (३, २) आले, फिरवून (-२, ३), आणि (२, १) परत मिळवल्यावर (०, ४).

तरी तिचं समाधान होईना, आणि ते मला फार आवडलं. ट्रेसिंग पेपरवर अख्खा त्रिकोण गिरवला, (२, १) वर टाचणी टोचली. कूलरच्या वाऱ्याने कागद फडफडत होता, तो तिने तळहाताने दाबून हळूहळू फिरवला. शिरोबिंदू बरोबर (०, ४) वर येऊन थांबला. बाजू तेवढ्याच, कोन तेच.

“आता १८०° करू?” म्हणत तिने टाचणी पुन्हा दाबली.