देवालाही ठाऊक नव्हतं

रविवार, सकाळ

पहाटे पाचला दयाळ सुरू झाला. एक लकेर झाली की लगेच तीच परत घेत नाही पठ्ठ्या. अंथरुणातच चार्ल्स हार्टशॉर्न आठवला. कालपासून त्याचंच वाचतेय. हा अमेरिकन तत्त्वज्ञ १०३ वर्षं जगला, देवाबद्दल लिहीत राहिला आणि पक्ष्यांची गाणी ऐकत राहिला. १९७३ साली त्यावर त्याचं अख्खं पुस्तक आलं. म्हणणं असं, की जो पक्षी फारसा न थांबता गातो, तो गाणं बदलत राहतो. कंटाळा त्यालाही येतो. (आमच्या पिंपळावरचा तांबट त्याला ऐकवायला हवा होता. दुपारभर टुक टुक टुक.)

त्याचा देवही बदलणारा. मूळ विचार व्हाइटहेडचा. गणितातला माणूस, १९२४ मध्ये वयाच्या ६३व्या वर्षी इंग्लंड सोडून हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकवायला गेला. जग म्हणजे वस्तूंचा ढीग नव्हे, घडणं आहे, आणि देवही त्या घडण्याबाहेर बसलेला नाही. जे होतं ते त्याच्याही मनाला लागतं. उद्याचं त्यालाही माहीत नाही, कारण उद्या अजून झालेलाच नाही. तो जबरदस्ती करत नाही, नुसतं सुचवतो.

बाबा गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "देवाच्याच मनात होतं गं." दोन महिने मी देवाजवळ दिवा लावला नाही. व्हाइटहेडचा देव निदान त्या कटात नाही. व्हाइटहेडचा स्वतःचा धाकटा मुलगा एरिक १९१८ मध्ये, विमानदळात असताना, युद्धात मारला गेला. पुढे त्याने देवाला सोबत दुःख सोसणारा, समजून घेणारा सोबती म्हटलं. हे वाचून बरं वाटलं. पण मग भांडायचं कुणाशी? तुकोबा विठोबाला शिव्या घालू शकले, ते तो काही करू शकतो असं वाटत होतं म्हणूनच ना?

घडलेलं काहीच वाया जात नाही, देवात राहतं, असंही ही मंडळी म्हणतात. अगदी सगळं? गेल्या वर्षीचं कालनिर्णय अजून स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. बाबांचं अक्षर: 'गॅस लावला', 'पंख्याला तेल'. १७ तारखेच्या चौकोनात 'दूध नाही', आणि खाली दोन जोरकस रेघा, कागद फाटेस्तोवर. दूधवाल्याशी त्या दिवशी काय बिनसलं होतं, देव जाणे.