रिपोर्ट हातात येण्याआधी

सांगलीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना मी पॅथॉलॉजी शिकवते. रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५, सोडियम १३५ ते १४५, हे नॉर्मल आकड्यांचे तक्ते त्यांचे पाठ होतातच. पहिल्या तासाला मी टेबलावर फक्त काचेची एक कोरी, कोरडी टेस्टट्यूब ठेवते.

सर्पदंशाचा पेशंट आला की शिरेतून काढलेलं दोनेक मिली ताजं रक्त या नळीत घालायचं, नळी उभी ठेवायची आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं असेल तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे. अशा वेळी आपल्याकडे आधी घोणस डोळ्यांसमोर यायला हवी, मग फुरसं. नळी काचेचीच का? काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली, तर विष नसलेलं रक्तही पातळ राहू शकतं. म्हणजे निकाल खरा की खोटा, हे रक्त घालण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं, आणि ते नर्सच्या हातात असतं.

रक्त गोठलं की वर्ग सुटकेचा श्वास सोडतो. तिथे मी त्यांना थांबवते. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांमध्ये माणसं जमिनीवर झोपतात. मण्यार बहुधा रात्री चावते, दातांची खूण धड दिसतही नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून येतो. मण्यार आणि नाग यांचं विष मुख्यतः नसा आणि स्नायूंचा संपर्क तोडतं. त्यामुळे नळीत गुठळी छान बसलेली असते आणि इकडे पेशंटच्या पापण्या मिटायला लागलेल्या असतात. नळीला आपण एकच विचारलं होतं, रक्त गोठतंय का. पापण्या उचलता येतात का, थुंकी गिळता येते का, श्वास कसा आहे, हे तिला माहीत नाही. ते आपण बघायचं. घोणस चावलेल्यालाही पहिली नळी गोठली म्हणून मोकळं समजायचं नाही, ठरलेल्या वेळी तपासणी पुन्हा करायची.

“मॅडम, अँटिव्हेनम दिल्यावर नळी लगेच का नाही बघायची?” हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला तो फार आवडतो. अँटिव्हेनम हे सापाच्या विषावरचं औषध. ते रक्तात फिरणारं विष निकामी करतं, पण संपलेले गोठण्याचे घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात. त्याला साधारण ६ तास लागतात, म्हणून पुढची नळी ६ तासांनी.

हीच नजर वॉर्डात हवी. पोटॅशियम ६.८ आलंय आणि आजोबा खाटेवर बसून चहा पिताहेत. रक्त कसं घेतलं होतं? बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, दाबून ट्यूबमध्ये सोडलेलं रक्त, यात तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ भागात, उतरतं. लॅबवाले सिरम गुलाबी दिसल्याचं कळवतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं तरी पोटॅशियम असंच खोटं वाढतं, कारण तिच्यात रक्त गोठू नये म्हणून घातलेलं ईडीटीए म्हणजे पोटॅशियमचाच क्षार असतो आणि तो कॅल्शियम बांधून टाकतो. पोटॅशियम फार वर आणि कॅल्शियम फार खाली अशी जोडी दिसली, तर ट्यूबवर संशय घ्या. पण आजोबा डायलिसिसचे असतील आणि त्यांची एक पाळी चुकली असेल, तर चहा पिताना दिसणारा ६.८ खराही असू शकतो. त्यामुळे शंका असो वा नसो, डॉक्टरांना लगेच कळवायचं, ईसीजीची तयारी ठेवायची आणि नमुना नीट पुन्हा घ्यायचा. “सॅम्पल खराब असेल” म्हणून कागद बाजूला ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नका, हे सगळ्यांना माहीत असतं. साखरेची ट्यूब मात्र विसरली जाते. साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर वापरत राहतात आणि दर तासाला ती साधारण ५ ते ७ टक्के घटते. जतच्या शिबिरातून निघालेला नमुना सांगलीला पोचेपर्यंत ‘नॉर्मल’ झालेला असू शकतो. फ्लोराईडची करड्या झाकणाची ट्यूब त्यासाठीच.

आणि आता पावसाळा. डेंग्यूच्या वॉर्डात नातेवाइकांचा एकच प्रश्न, “सिस्टर, पेशी किती झाल्या?” त्यांचं बरोबर आहे, त्यांना तोच आकडा सांगितला जातो. आपण मात्र या पेशींच्या, म्हणजे प्लेटलेट्सच्या, शेजारचा पीसीव्ही वाचायचा, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे ते. ताप उतरलाय, घरचे खूश आहेत आणि ३८ असलेला पीसीव्ही ४६ झालाय, तर रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतंय. धोक्याचे तास बहुधा ताप उतरतानाच सुरू होतात. उलट पीसीव्ही एकदम घसरला आणि नाडी जलद, बारीक लागली, तर आत कुठे रक्तस्राव होतोय का, ते शोधायला हवं. म्हणून रात्रपाळीला पेशंट सोपवताना नुसत्या पेशी सांगू नका. पीसीव्ही आधी किती होता, आता किती आहे, शेवटची लघवी कधी झाली आणि हातपाय गरम आहेत की गार, हेही सांगा.