छान झालं, मॅडम

शनिवार, रात्र.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 36 फूट. हे दर तासाला मोबाईल बघून आकडा सांगताहेत, जसं काही पाणी ह्यांना विचारून चढणार आहे. 39 ला इशारा, 43 ला धोका. पावसाळ्यात कोल्हापुरात माणूस भेटला की तब्येत नंतर, आधी फूट विचारतात.

मी घेत असलेलं शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आज संपलं. झोप यायला पाहिजे. येत नाही, आणि कारण बघायला गेलं तर एवढंसं आहे.

साडेचारला सगळे हजेरीपत्रकावर सह्या ठोकून आपापल्या छत्र्या शोधत होते. गगनबावड्याकडचे ते सर, दुसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसायचे ते, मागं थांबले. तीन दिवसांत तोंडातून शब्द काढला नव्हता. जवळ येऊन म्हणाले, "छान झालं, मॅडम." मग जरा घुटमळून, "एखादी प्रत उरलीय का?"

मी हरखले. हँडआउटची प्रत मागून घेणारा माणूस मला आठ वर्षांत पहिल्यांदा भेटला. माझी स्वतःची प्रतच देऊन टाकली. त्यांनी ती न दुमडता प्लास्टिकच्या पिशवीत घातली, शर्टाच्या आत सरकवली आणि वर रेनकोट चढवला. मांडुकलीला रस्त्यावर पाणी यायच्या आत पोचायचं म्हणाले.

केएमटीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. अहवालात 'गरजा नोंदणी – प्रतिसाद संख्या' असा एक रकाना असतो, तो भरायला म्हणून तो फॉर्म उघडला. पंधरा दिवसांपूर्वी मीच ग्रुपवर टाकला होता. 46 जणांतून 11 उत्तरं आलेली. मी ती तोपर्यंत वाचली नव्हती. का, तर स्लाइड्स आधीच तयार होत्या.

सातवं उत्तर त्यांचं. "दोन खोल्या, चार इयत्ता, 23 मुलं, आम्ही दोघे. एकजण मीटिंगला गेला की दुसरा एकटा. चारही वर्ग एका वेळी कसे कामाला लावायचे ते इथल्यासारख्या शाळेचं उदाहरण घेऊन करून दाखवलं तर बरं होईल."

तीन दिवस मी काय करून दाखवलं? आणि हा माणूस मला छान झालं म्हणून गेला.

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरचे ते दोघं पीटीचे सर 'मॅडम, जेवायला कधी सोडताय' म्हणाले त्याचं काही वाटलं नाही. ते रोखठोक होतं. पण छान? अभिप्रायाचे फॉर्म आता टेबलावर पडलेत. 46 पैकी 41 वर 'छान'. दोघांनी 'खूप छान' लिहिलंय. एकाने 'चहा छान'. त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या 1959 मध्येच मांडल्या. माणसाला कसं वाटलं, तो काय शिकला, कामात काय बदललं, आणि शेवटी त्या बदलाचं फळ काय मिळालं. आपलं सगळं पहिल्याच पायरीवर बसून चहा पिण्यात जातं. हे मी परवा सांगितलं, लोक हसले, मला बरं वाटलं. आणि आज त्याच पायरीवर बसून छान मोजतेय.

आणि ॲडी! पहिल्या दिवशी दीड तास ॲडी, म्हणजे प्रशिक्षण आखायच्या पाच टप्प्यांची इंग्रजी आद्याक्षरं. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. पहिलं अक्षर विश्लेषणाचं, म्हणजे शिकणारा कोण आहे, त्याला कुठं अडतंय, त्याच्याकडं साधनं काय आहेत हे आधी बघायचं आणि मग बाकीचं. हे मी अतिशय रंगून सांगितलं, 46 लोकांची गरज न बघता. तो माणूस समोर बसून सगळं वहीत उतरवत होता. त्याला तेव्हाच कळलं असणार. उत्तर तर त्यानं आधीच लिहून दिलं होतं.

हे मॉडेल 1975 साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकेच्या लष्करासाठी केलं, हेही सांगितलं होतं. त्या वेळी पाचवा टप्पा मूल्यमापन नव्हता, 'नियंत्रण' होता. हे मात्र सांगितलं नाही, वेळ संपला. सांगायला हवं होतं. आपल्याकडं अजून तोच टप्पा चालू आहे, आणि हजेरीपत्रक दिवसातून दोनदा फिरतं.

पण मी तरी काय करणार होते? तारीख वरून आली. विषय वरून आला. स्लाइड्स राज्याकडून जिल्ह्याकडं, जिल्ह्याकडून माझ्याकडं, आणि माझ्याकडून वाडीवस्तीवर. वरच्या कळशीतलं पाणी खालच्या तांब्यात येईपर्यंत जे राहतं ते राहतं. हँडआउटच्या 20 प्रतींना मंजुरी, माणसं 46. एका बाकावर दोघातिघांत एक प्रत. वर झेरॉक्सवाला म्हणाला, पाठपोट काढली की मशिनमध्ये कागद अडकतोय. म्हणून 14 पानांचे 14 कागद, मागची बाजू सगळी कोरी. कागदाची एवढी ओढाताण आणि अर्धा कागद फुकट. स्केचपेनच्या चार डब्यांतली दीड डबी चालू. कार्डशीटचा ताव अर्धा कापून गटांना दिला. मागच्या प्रशिक्षणाचं मानधन अजून नाही, तेही असो. आई आज सकाळी फोनवर म्हणाली, तुझा आवाज बसलाय. तिचा रिपोर्ट सोमवारी आणायचाय. ते सोमवारी.

वर उद्घाटनाचं भाषणही मलाच करायला लागलं, साहेब आले नाहीत. तेच भाषण, जे सगळे करतात. 1917 मध्ये शाहू महाराजांनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तो वारसा आपण. फोटो माझ्या डोक्यावरच होता. नजर देत नाही मी त्या फोटोला अशा वेळी.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला 50 तास प्रशिक्षण सांगितलंय. माझ्या तीन दिवसांचे 18 भरले. सरांच्याही खात्यावर 18 भरले.

साडेदहा वाजले. चहा करून आले. 36 फूट 4 इंच.

एक गोष्ट मघाशी मुद्दाम लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, चाळीस एक मिनिटं. प्रोजेक्टर बंद. मी म्हटलं, लाईट येईपर्यंत जरा गप्पा मारा. आणि त्या अंधाऱ्या हॉलमध्ये काय आवाज उठला! पन्हाळ्याच्या एक ताई सांगत होत्या, पहिलीची मुलं खडूनं फरशीवर लिहितात आणि दुसरीची त्यांचं तपासतात. शाहूवाडीचे कुणीतरी विचारत होते, मग गणिताचं काय करता? कुणी बाक फिरवून बसलं होतं. ते सर खिडकीतून मान वळवून ऐकत होते, एकदा काहीतरी बोललेही, पत्र्यावरच्या पावसात मला ऐकू आलं नाही. मग लाईट आली. मी टाळी वाजवली, "चला, पुढची स्लाइड."

टाळी वाजवली मी.

अण्णा तालमीतल्या गोष्टी सांगायचे. नवा पोरगा आला की वस्ताद त्याला डाव शिकवत नसत. हौद्यातली माती खणायला लावायचे आणि स्वतः कट्ट्यावर बसायचे. पोराला वाटायचं राबवून घेताहेत. वस्ताद बघत असायचे, दम कुठं तुटतोय, कंबर कशी वाकतेय, रागीट आहे की सोशीक. आठ दिवसांनी पहिला डाव, आणि तो प्रत्येकाला वेगळा. खर्च काय, तर एक फावडं. अण्णा असते तर आज त्यांना... असो.

मला चाळीस मिनिटं फुकटात फावडं मिळालं होतं आणि मी प्रोजेक्टरची वाट बघत बसले.

खरं सांगायचं तर आता जरा हसू यायला लागलंय. 46 माणसं, चार कोपरे, चार इयत्ता करायच्या, दोघांना मास्तर करायचं आणि मधेच त्यातल्या एकाला टपाल आलं म्हणून बाहेर बोलवायचं. बघा आता काय करता. कागद लागत नाही, स्केचपेन लागत नाही, लाईट गेली तर उत्तमच. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हा शिक्षण हक्क कायद्याचाच हिशोब, म्हणजे त्यांच्या शाळेत कागदोपत्री काहीच कमी नाही, आणि तिथं नवा माणूस येणार नाही. मग आहे त्या दोघांतच बसवायला पाहिजे. हे मला रात्री अकराला सुचतंय. पुढची बॅच गुरुवारी आहे, पाणी चढलं नाही तर. तीच स्लाइड, तोच परिचय. पण पहिले दोन तास माझे असतात, ते कुणी तपासत नाही.

सरांना मेसेज केला. तीनदा लिहून खोडला. माफी मागितली तर ते बिचारे अवघडतील, आणि परत छान म्हणतील. शेवटी एवढंच: "सर, तुमच्या शाळेचं रोजचं वेळापत्रक पाठवाल का? गुरुवारी दाखवायचंय."

वाटलं सकाळी बघतील. पाचच मिनिटांत उत्तर. "पोचलो मॅडम, पाणी यायच्या आत. वेळापत्रक आजच नवीन केलं, पाठवतो. प्रशिक्षण छान झालं." घ्या.

मागून फोटो आला. पट्टीनं आखलेले चार रकाने, निळ्या पेनानं. चौथ्या तासाला पहिलीसमोर दोघा शिक्षकांपैकी कुणाचंच नाव नाही. तिथं लिहिलंय, 'ओसरी. चौथीच्या दोन मुली. फरशीवर खडू.' पन्हाळ्याच्या ताईंचा खडू. म्हणजे अंधारात ते एवढं ऐकत होते.

कागदाच्या मागची छपाई पुढं अंधूक उमटलीय. फोटो मोठा करून उलटी अक्षरं लावत बसले. विश्लेषण, आराखडा, निर्मिती. माझंच हँडआउट, पान दुसरं.