आमच्या नाल्यावरची मोरी नगरपालिकेतून मंजूर होते तेव्हा

आमचं गाव 'ब' वर्ग नगरपरिषदेचं. १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे लोकसंख्या ४० हजारांच्या वर आणि लाखाच्या आत. कागदावर नगरपरिषद असली तरी गावात सगळे नगरपालिकाच म्हणतात, मीही म्हणते. वसाहतीच्या तोंडाशी नाल्यावर एक नळकांडी मोरी होती: सिमेंटचे दोन पाईप, वर मुरूम, त्यावर डांबर. वसाहत बसली तेव्हा ती पुरत असेल. पुढे वरच्या अंगाला प्लॉटिंग झालं आणि शेतात मुरणारं पाणी थेट नाल्यात यायला लागलं. जोडीला थर्माकोल, फाटक्या गाद्या, गणपतीनंतर मखरं. पाऊस धरून पडला की मोरी तुंबायची आणि खालच्या गल्लीत घरांत पाणी.

मी एसटी डेपोच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेली. फायलींना घाबरत नाही, म्हणून गल्लीने हे काम माझ्या गळ्यात घातलं.

आधी सगळे करतात तेच केलं. नगरसेवकाला निवेदन, खाली सह्या, फोटो. दादा भला माणूस. "काकू, बजेटला टाकतो," म्हणाले आणि खरंच टाकलं. २०२० च्या फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची विशेष सभा झाली. सभा लोकांना खुली असते, पण ऐकायला कोणी फिरकत नाही. मी जाऊन मागच्या खुर्चीत बसले. लिपिक विषय वाचायचे, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. चहा फिरेपर्यंत निम्मा अर्थसंकल्प उरकला होता. खरी खडाजंगी झाली ती बाजारातल्या गाळ्यांच्या भाड्यावरून, कारण त्या गाळ्यांत कोण बसलंय हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं. आमची मोरी 'शहरातील रस्ते, गटारी व मोऱ्या' या एका ओळीत कुठेतरी विरघळलेली. बाहेर आल्यावर दादांनी पेढे वाटले.

पेढा खाल्ला आणि अर्थसंकल्पाचं पुस्तक मागून घरी आणलं. ते कसं वाचायचं हे आमच्या खात्यात तीस वर्षं केलेलं काम. पुढच्या वर्षाचा अंदाज मी शेवटी बघते; आधी मागच्या वर्षाचा अंदाज आणि त्याच्या शेजारचा प्रत्यक्ष खर्च हे दोन रकाने लावून बघते. भांडवली बाजूला अंदाज कोटींत, प्रत्यक्ष लाखांत. जमेच्या बाजूला गेलं की उलगडा होतो. तिथे जवळपास तेवढीच रक्कम 'शासकीय अनुदान' म्हणून धरलेली. अनुदान आलं तर काम, नाही आलं तर तोच आकडा उचलून पुढच्या वर्षी. पालिकेचं स्वतःचं म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं, विकास शुल्क. त्यातून पगारातला हिस्सा, पंपांचं वीजबिल, कचऱ्याचा ठेका, शिवाय दिव्यांगांसाठी आणि महिला-बालकल्याणासाठी राखून ठेवायचे प्रत्येकी ५ टक्के. हे सगळं गेल्यावर जे उरतं त्यात खड्डे बुजतात, मोरी होत नाही.

मोरी व्हायची तर बाहेरच्या पैशातून, हे कळल्यावर कुठल्या योजनेत बसते ते शोधायला लागले. वित्त आयोगाचा निधी थेट पालिकेला येतो, पण १५ व्या आयोगात आमच्यासारख्या शहरांचे ६० टक्के पैसे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले; उरलेल्या ४० टक्क्यांवर गावभराचे डोळे. दलित वस्ती सुधार योजनेचा पैसा त्या वस्तीबाहेर वापरता येत नाही, आणि येऊ नयेच. वैशिष्ट्यपूर्ण योजनेला, म्हणजे शासनाच्या विशेष अनुदानाला, मंत्रालयापर्यंत हात पोचावा लागतो. आमच्या आवाक्यातलं एकच दार होतं: नगरोत्थान, जिल्हास्तर, म्हणजे शहरांतल्या सोयींसाठीची राज्याची योजना. हा निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव.

बांधकाम विभागातल्या एका अभियंत्यांनी एक दिवस जे सांगितलं, ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "मॅडम, काम ठरलं म्हणून पैसे येत नाहीत. पैसे येतात आणि मग पत्र येतं, प्रस्ताव दोन दिवसांत सादर करा. त्या दिवशी ज्या कामाची फाइल पुरी असेल ते जातं."

इतकी वर्षं आपल्याला वाटत असतं की कुठेतरी एक यादी आहे, गरजेप्रमाणे लावलेली, आणि आपला नंबर लागेल. शहराचा विकास आराखडा वीस वर्षांचा असतो खरा, पण तो जागेचा. कुठे रस्ता, कुठे बाग, कुठे शाळा एवढं तो सांगतो. कुठल्या वर्षी कुठलं काम कुठल्या पैशातून, हे सांगणारा कागद मला तरी आमच्या पालिकेत मिळाला नाही. माहिती अधिकारात मागितला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. उत्तर आलं, 'अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.' त्यानंतर मी निवेदनं देणं बंद केलं आणि फाइल पुरी करण्याच्या मागे लागले.

मध्ये करोना आला. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने खात्यांना त्या वर्षी ३३ टक्केच निधी मिळणार आणि नवी कामं नाहीत, असं ठरलं. पुढच्या वर्षी पालिकेची मुदत संपली, निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात अडकल्या आणि मुख्याधिकारीच प्रशासक म्हणून बसले. म्हणजे सभा नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. प्रशासकांच्या सहीनेच ठराव. खोटं कशाला बोलू, फाइल त्या काळात भराभर हलली. पण गाळ्यांच्या भाड्यावरून भांडणारंही कोणी राहिलं नाही, आणि दादांना तर आता कार्यालयात बसायला खुर्चीही देईनात. मला हे काही सुधारणेसारखं वाटलं नाही.

फाइलचा पाया म्हणजे अंदाजपत्रक. मोजणीच्या दिवशी मी मुद्दाम थांबले. अभियंता तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघत होते, शिपाई आकड्यांची लांब पट्टी धरून नाल्यात गुडघाभर उतरला होता. त्यांनी वरच्या अंगाची पातळी घेतली, पाईपच्या तळाची घेतली, खालच्या अंगाची घेतली आणि हसायला लागले. पाईपचा तळ नाल्याच्या तळापेक्षा चांगला वीतभर उंच बसवला होता. म्हणजे नवेकोरे, स्वच्छ पाईप असते तरी मागे पाणी साचणारच होतं. दर जूनमध्ये पालिका जेसीबी लावून गाळ काढायची आणि दर जुलैमध्ये तो पुन्हा तिथेच बसायचा, त्याचं कारण वहीतल्या तीन आकड्यांत होतं. उपाय ठरला: पाईप काढून काँक्रीटची चौकोनी पेटी मोरी, तळ खाली नेऊन, दोन्ही बाजूंना भिंती. खर्च तीस लाखांच्या आत-बाहेर.

अंदाजपत्रक म्हणजे नुसतं सिमेंट-सळई नव्हे. राज्य दरसूचीतला दर, वाहतुकीचं अंतर, खडी-वाळूचं स्वामित्वधन (रॉयल्टी), साहित्य चाचणीचा खर्च, १ टक्का कामगार उपकर आणि जीएसटी. आमचं पहिलं अंदाजपत्रक १२ टक्के जीएसटी धरून केलेलं. १८ जुलै २०२२ पासून स्थानिक संस्थांच्या बांधकामांवर तो १८ टक्के झाला. वर दरसूचीही बदलली. कागद पुन्हा पहिल्यापासून. नाला तोच, मोरी तीच, रक्कम मात्र वाढलेली.

तांत्रिक मान्यता, म्हणजे आराखडा आणि हिशेब बरोबर असल्याची मान्यता, कोणतं खातं देणार हे कामावर ठरतं. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण जीवन प्राधिकरणाकडे, रस्ते-मोऱ्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. तिथून त्रुटीचं पत्र आलं. पाणलोट क्षेत्र किती, पुराचा विसर्ग किती धरला, मोरीची रुंदी त्यावरून कशी काढली. आमच्या गल्लीत चिडचिड झाली, मुद्दाम अडवतात म्हणून. मला मात्र ते पत्र आवडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पाणी किती येतं हे विचारलं होतं. हिशेब केल्यावर मोरी ठरल्यापेक्षा रुंद घ्यावी लागली.

मग दाखले. जागा पालिकेच्या ताब्यात असल्याचा. हे काम दुसऱ्या योजनेत घेतलेलं नसल्याचा. याचं महत्त्व अनुभवानेच कळतं, कारण आमच्याकडे एकच गटार दोन योजनांच्या यादीत सापडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. जागेचे फोटो, त्यावर अक्षांश-रेखांश आणि तारीख उमटलेली. प्रशासकांचा ठराव. आमदारांचं शिफारसपत्र, नियमात ते कुठे लिहिलेलं नाही, पण त्याशिवाय फाइल जाड दिसत नाही.

२०२२ च्या जूनअखेर सरकार बदललं. नवे पालकमंत्री नेमले जाईपर्यंत सप्टेंबर उजाडला, तोवर जिल्हा नियोजनाची कामं थंड. पत्र आलं ते पुढच्या वर्षी, शुक्रवारी दुपारी, सोमवारी प्रस्ताव हवेत म्हणून. पालिकेत पळापळ. कुणाची तांत्रिक मान्यता नाही, कुणाचा जागेचा दाखला नाही. आमच्या फाइलवर फक्त नवीन आवक क्रमांक टाकायचा राहिला होता. आमच्यापेक्षा गरजू काम त्या दिवशी गावात नव्हतं का? होतं. मागासलेल्या बाजूला एका शाळेसमोरचा रस्ता पावसाळ्यात चालण्याजोगा राहत नाही. त्याची फाइल अर्धीच होती, कारण तिच्यामागे निवृत्त लेखापाल नव्हती.

प्रशासकीय मान्यता मिळाल्याचं पत्र जिल्हाधिकारी कार्यालयातून आलं. गल्लीला वाटलं संपलं. त्यानंतर ई-निविदा. महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर ती कोणालाही बघता येते, मी रोज बघायचे. पहिल्या वेळी तीन ठेकेदारही आले नाहीत, मुदतवाढ द्यावी लागली. दुसऱ्या वेळी आले, आधी तांत्रिक लिफाफा, मग आर्थिक. सगळ्यात कमी दर अंदाजपत्रकापेक्षा बराच खाली, ज्याला इकडे 'बिलो' म्हणतात. पालिकेला आनंद, पैसे वाचले. मला धास्ती. खडीचा भाव सगळ्यांना सारखाच असतो. मग इतकं स्वस्त होणार ते कशातून? फार खाली गेलेल्या ठेकेदाराकडून जादा सुरक्षा अनामत घेतात, ती भरल्याची पावती मी मागून पाहिली.

कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, निघाला २०२४ च्या फेब्रुवारीत. हे महत्त्वाचं, कारण १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. सुरू झालेलं काम आचारसंहितेत चालू राहतं, न सुरू झालेलं थांबतं. शेजारच्या प्रभागातला रस्ता कार्यादेशाच्या टेबलावर राहिला, तो पुढे पार लांबला. आमच्या ठेकेदाराने आचारसंहितेच्या आधी पाईप उखडले होते, म्हणून सुटलो.

कामावर मी रोज जायचे. ठेकेदाराची माणसं आधी नाक मुरडायची, मग खुर्ची द्यायला लागली. सळई बांधून झाली की काँक्रीट ओतण्याआधी अभियंत्याने ती मोजून मापपुस्तिकेत नोंद करायची असते. एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे ते देवालाच माहीत. एका सकाळी अभियंता यायच्या आत मिक्सर सुरू झाला. मी तो बंद करायला लावला. फार बोलले नाही, "साहेब येईपर्यंत चहा घ्या," एवढंच. सगळे मुकाट बसले. साहेब आले, सळया मोजल्या, दोन ठिकाणी अंतर जास्त होतं, ते बांधून घेतलं. काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवले, ७ आणि २८ दिवसांच्या चाचणीसाठी. त्रयस्थ तपासणीला अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक आले, त्यांनीही कागद बघितले आणि स्लॅबला हातोडी लावून पाहिली. शेवटचं देयक त्या अहवालाशिवाय निघत नाही.

त्या पावसाळ्यात गल्लीत पाणी आलं नाही. पण पाणी खालच्या वळणावर जाऊन तिथल्या अरुंद गटाराला धडकायला लागलं, हेही सांगायला हवं. तिथली माणसं आता माझ्याकडे येतात.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, सभागृह पुन्हा भरलं. आमच्या प्रभागात नवी मुलगी निवडून आली आहे, उत्साही आहे. ती निवेदनाचा मसुदा घेऊन आली होती, सह्यांसकट. मी तो बाजूला ठेवला आणि तिला घेऊन बांधकाम विभागात गेले. खालच्या गटाराची पातळी घेऊन झाली आहे. शाळेसमोरच्या रस्त्याचा जागेचा दाखला तिने नगर भूमापनातून आणायचा ठरलाय, अंदाजपत्रक नव्या दरसूचीने करून घ्यायचं माझ्याकडे. फेब्रुवारीच्या सभेत दोन्ही कामं वेगवेगळ्या ओळीत, नावानिशी यावीत एवढं तिला सांगून ठेवलंय. 'रस्ते, गटारी व मोऱ्या' मध्ये नकोत.