पांढऱ्या डबीच्या अलीकडे, पलीकडे

फोनवर खरखर येते म्हणून तक्रार केली, तर कंपनीच्या बाईंनी आधी गोड आवाजात बजावलं: माणूस पाठवू, पण बिघाड तुमच्या बाजूला निघाला तर त्याच्या येण्याचे पैसे तुम्ही भरायचे. माझी बाजू? घर भाड्याचं, तारा कुणी कधी ओढल्या देव जाणे.

इथं इंग्लंडात फोनच्या तारेलाही शेतासारखा बांध असतो. रस्त्यावरून भिंतीवरच्या पांढऱ्या मुख्य सॉकेटपर्यंतची तार कंपनीची, तिथून पुढं खोल्यांत फिरलेली घराची.

पण त्या डबीचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. खालच्या अर्ध्या झाकणाला दोन स्क्रू. ते काढून झाकण ओढलं की घरातल्या सगळ्या जोडण्या त्याच्यासोबत सुटतात आणि मागं चाचणीचं सॉकेट दिसतं. त्यात फोन लावायचा, १७०७० हा लाइन तपासायचा नंबर फिरवायचा, दोनचा पर्याय निवडायचा आणि कान देऊन ऐकायचं. लाइन शांत हवी. तरीही खरखर आली तर बहुतेक दोष कंपनीकडचा, गेली तर घरातला. दोन स्क्रूंत भांडण मिटतं! ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला एकदा जळगावला नेऊन भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घालावी.

आमच्याकडे लाइनमन दादा आले की खांबापासून पलंगाशेजारच्या फोनपर्यंत सगळं बघायचे, वर चहा घेऊन जायचे. तुमची बाजू, आमची बाजू असलं काही नव्हतं. यायला पावसाळा सरायचा, ते सोडा.

माझी खरखर गेली, म्हणजे दोष घरातला. गालिच्याची कड उचलली तर दाराखाली चेपलेली तार, सोललेल्या टोकाला तांबं हिरवं पडलेलं. शिवाय सॉकेटच्या तीन नंबरच्या खाचेत नारिंगी तार. ती जुन्या फोनची घंटी वाजवायला असायची. आताच्या फोनला ती लागत नाही, उलट ब्रॉडबँडमध्ये गोंधळ ओढून आणते.

हे सगळं फोटोंसकट घरमालकाच्या एजंटला कळवलं. उत्तर आलं, फोनची वायरिंग घरासोबतच्या सामानाच्या यादीत नाही, आणि तसेही जुने फोन जानेवारी २०२७ मध्ये बंदच होणार आहेत. अहो, बंद होणार ती जुनी फोनसेवा, माझं ब्रॉडबँड त्याच तांब्यावरून येतं! करारात मात्र कलम आहेच, लेखी परवानगीशिवाय वायरिंगला हात लावायचा नाही. म्हणजे स्वतः करणार नाहीत, आम्हाला करू देणार नाहीत. आमचे जळगावचे घरमालक भाडं एक तारखेला मोजून घ्यायचे, पण फ्यूज उडाला की स्वतः स्टुलावर चढायचे.

मोबाइल असताना एवढा आटापिटा कशाला, असं इथले मित्रही विचारतात. जाड विटांच्या या घरात रेंज खिडकीपाशीच मिळते. आणि व्हिडिओ कॉलवर आई दर दोन मिनिटांनी म्हणते, "काय वं माय, थिजली का तू?" तिला कलम काय वाचून दाखवू?

सध्या राउटर चाचणीच्या सॉकेटात, दारातल्या चपलांशेजारी बसलाय. चालतोय झकास. गालिच्याखालच्या तारेचे फोटो तारखेसह जपलेत, कारण २००७ पासून इथं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं आणि घर सोडताना वाद झाला तर पुरावा मागतात.

काल एजंटचा पुन्हा मेल आला: तार काढायला हरकत नाही, खर्च भाडेकरूचा. मी काही काढणार नाही. तार घराची आहे ना? मग घरवाल्यानंच काढावी.