कैऱ्यांची ऑर्डर ‘इतर’मध्ये

२९ एप्रिल, देवगड

परवा रात्री वारा सुटला आणि सकाळी बागांत कैऱ्यांचा सडा. पडलेली कैरी वेळेत लोणच्याला गेली नाही तर मऊ पडते. सोसायटीच्या शेडमध्ये क्रेट भरून तयार, पण कोल्हापूरच्या लोणचेवाल्यांची ऑर्डर येईना. आज दुपारी त्यांचाच फोन: दोनदा मेल टाकला, उत्तर का नाही?

सोसायटीचे मेल बघणारे नाना म्हणाले, “अरे, त्यांचो मेल इलोच नाय.”

आला होता. ‘इतर’ फोल्डरमध्ये पडून होता. नाना फक्त ‘मागणी’ बघतात, तसं मीच त्यांना सांगून ठेवलंय. बारा क्रेट वाया गेले. मला फार लागलं ते.

आलेला मेल सर्व्हरवरचा पोस्टफिक्स हा प्रोग्रॅम घेतो, एलएमटीपी या पोचवण्याच्या पद्धतीने डव्हकॉट या मेलपेट्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला देतो, आणि पोचवताना सीव्हचे नियम लागतात, म्हणजे कुठला मेल कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचा ते सांगणारे. एलएमटीपीला सीव्हचं प्लगइन जोडलेलं नसेल तर नियम चालतच नाहीत, सगळं इनबॉक्समध्ये पडतं. इथे मेल ‘इतर’मध्ये गेला, म्हणजे नियम चालले होते. माझे नियम असे: मेलच्या विषयात ‘कैऱ्या’ असेल तर ‘मागणी’, कुठेच न बसलं तर ‘इतर’. आणि विषयात ‘कैऱ्या’ मला डोळ्यांनी दिसत होतं!

तो मेल फाइलमध्ये उतरवून सीव्ह-टेस्ट, म्हणजे नियम तपासून बघायचं साधन, ट्रेससकट (प्रत्येक पायरी दाखवत) चालवलं. जुळणी: नाही. हेडरमधला (विषय, पत्ता वगैरे ओळींमधला) देवनागरी मजकूर सहसा बेस६४मध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या सांकेतिक रूपात असतो, पण सीव्ह तो उलगडूनच तुलना करतो, त्यामुळे तोही दोषी नव्हता. शेवटी नियमातला आणि मेलमधला, दोन्ही शब्दांचे बाइट, म्हणजे अक्षरांमागचे आकडे, शेजारी शेजारी मांडले. माझ्या नियमात ऱ, म्हणजे युनिकोडचं (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं) ०९३१, त्यापुढे हलन्त आणि य. त्यांच्या मेलमध्ये साधा र, ०९३०, मग हलन्त, मग न दिसणारा जोडक २००डी, मग य. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे. सीव्हची नेहमीची तुलना इंग्रजी अक्षरांचा लहान-मोठा भेद तेवढा सोडते, बाकी बाइटला बाइट जुळवते. युनिकोडचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) केलं असतं तरी हे दोन एक झाले नसते. त्यांचं चुकलं नाही, त्यांच्या कीबोर्डवर र्‍य असाच उमटतो.

आता नियमात दोन तुकडे दिलेत, ‘कैर’ आणि ‘कैऱ’. यादीतलं एक जुळलं तरी पुरतं, आणि कैरी, कैऱ्या, दोन्ही तऱ्हांचं लेखन त्यात बसतं. शिवाय नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर वेगळा नियम घातला, तो विषयाच्या आधी. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

सीव्ह फक्त येणाऱ्या मेलला लागतो, आधीचे जागचे हलत नाहीत. म्हणून ‘इतर’वर सीव्ह-फिल्टर, म्हणजे जुन्या मेलना नियम लावणारं साधन, आधी नुसतं तालीम म्हणून चालवलं, यादी वाचली, मग खरंखुरं.

रात्री बाकीचे नियम काढून बसलो. ‘शेतकऱ्यांचे अर्ज’ असाही एक आहे, त्यातही तोच ऱ्य. ‘इतर’ मागे मागे चाळत गेलो तर जानेवारीपासूनचे सात अर्ज तिथे निघाले, एकही उघडलेला नाही. सातही छापून नानांच्या टेबलावर ठेवलेत. उद्या सकाळी दोघं मिळून एकेकाला फोन करणार आहोत.