आठव्या मजल्यावरचा सोपो

गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावासोबत पर्वरीच्या पठारावर बांधकाम चालू असलेल्या एका उंची गृहसंकुलातील नमुना सदनिका पाहण्यास गेलो होतो. वीस वर्षे मुंबईत काढल्यानंतर त्याला आता गोव्यात स्वतःचे घर हवे आहे, आणि फोंड्याच्या आमच्या वडिलोपार्जित घरात वाटेकरी इतके झाले आहेत की तेथे एका खोलीवरही हक्क सांगणे अवघड आहे. इमारत आठ मजल्यांची, म्हणजे मुंबईच्या मानाने ठेंगणी आणि गोव्याच्या मानाने उत्तुंग. माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ‘गोमंतकीय कारागिरी आणि आधुनिक रचना यांचा संगम’ असे छापलेले होते. तो संगम तपासून पाहण्याच्या इराद्यानेच मी गेलो होतो, हे कबूल केलेले बरे.

तळमजल्यावरील लिफ्टसमोरच्या भिंतीने मात्र मला चकित केले. तेथे खरोखरीचे कावीकाम होते. चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, चुन्यात कालवून तिचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने नक्षी कोरून तांबडा भाग खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा चुना उघडा पडतो, अशी ही कोकण-गोव्याच्या देवळांतील जुनी पद्धत. वेलीच्या एका पानावरून मी बोट फिरवले, तेव्हा कोरलेल्या रेषेची खोली बोटाला लागली आणि एके ठिकाणी कारागिराचा हात किंचित घसरलेला दिसला. ती चूक मला त्या इमारतीतील सर्वांत मौल्यवान गोष्ट वाटली. वरच्या मजल्यांवर हीच नक्षी छापील फलकांवर असणार आहे, असे माहिती देणाऱ्या मुलीने सांगितले.

सदनिकेतील शिंपल्यांच्या खिडकीवर भावाने टिचकी मारली, तर आवाज प्लास्टिकचा आला. आमच्याकडे काच महाग होती त्या काळात चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवून तावदाने करीत, आणि त्यांतून दुपारचे ऊनही दुधासारखे होऊन आत येई. या शिंपल्याला आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे बांधकाम करणाऱ्यांना त्याबद्दल दोष देता येणार नाही. पण मग पुस्तिकेत ‘अस्सल’ हा शब्द तरी नको होता. चिऱ्याच्या भिंतीविषयी फार लिहीत नाही. काँक्रीटवर चिकटवलेल्या जांभ्याच्या पातळ चकत्या होत्या त्या, आणि दिसतही बऱ्या होत्या.

खरी गोष्ट बाल्कनीची. पुस्तिकेत तिला ‘बाल्कांव’ म्हटले होते आणि रेलिंगला लागून समोरासमोर दोन बाके बांधली होती. समोरासमोर बाके असलेल्या अशा ओसरीला आमच्या घरी सोपो म्हणतात. तो दारापुढे असतो, कारण वाटेने जाणाऱ्याने हाक मारावी, पायरीवर टेकावे आणि घरच्यांनी बसल्या जागी गावाची खबर घ्यावी, यासाठीच तो बांधलेला असतो. आठव्या मजल्यावर हाक मारायला कोण येणार? भाऊ एका बाकावर बसला, मी दुसऱ्यावर, आणि आमचे गुडघे एकमेकांना लागले.

उंच इमारतीत जुन्या घरातले काहीच नेता येत नाही, असे मात्र नाही. मूळच्या गोमंतकीय घराण्यातील वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कंबाला हिलवर बांधलेली कांचनजंगा ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली. २८ मजले आणि ३२ सदनिका. मुंबईत समुद्राचा वारा आणि दृश्य पश्चिमेला, परंतु दुपारचे ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर खोल्यांभोवती व्हरांडा फिरवण्याचा तोडगा काढला होता. कोरियांनी तोच तोडगा वर नेला आणि इमारतीचे कोपरे कोरून तेथे दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या केल्या. तेथे कौल नाही, शिंपला नाही, लाकडी नक्षीही नाही, तरीही ऊन-पाऊस अडवणारा व्हरांडा पुरता जिवंत आहे. वाटेवरचा माणूस तेवढा त्यांनाही वर नेता आला नाही.

म्हणून भावाने त्या मुलीला एकच प्रश्न विचारला, की नैर्ऋत्येकडून पाऊस सुरू झाला म्हणजे या बाल्कांवात पाणी किती आत येते. तिने पुस्तिका चाळली, मग आतल्या साहेबांना फोन लावला आणि शेवटी उत्तर ईमेलने कळवण्याचे आश्वासन दिले. आठवड्याने ईमेल आला. त्यात वाहनतळाचा नकाशा होता, हप्त्यांचे वेळापत्रक होते आणि तळमजल्यावरील कावीकामाची सहा सुंदर छायाचित्रे होती.